दधीचीला विचारले होते

मरणाच्या दाराशी येऊन ठेपलेल्या माणसाकडे काही मागावे काय? आपला संस्कार सांगतो, मागू नये. अशा माणसाला द्यावयाचे असते. त्याला हवे-नको विचारावे, त्याची एखादी इच्छा राहून गेली असेल तर ती पुरवावी, त्याच्या उशाशी बसावे. त्याच्याकडून घ्यावयाचा तो आशीर्वाद तेवढा. परंतु आजच्या वैद्यकाने एक विलक्षण प्रसंग आपल्यापुढे उभा केला आहे. ज्या रोगावर इलाज चालत नाही त्याचा इलाज शोधावयाचा, तर तो रोग ज्याला झाला आहे त्याच्याच दाराशी जावे लागते. आणि तुमचे शरीर व तुमच्या उरलेल्या दिवसांतले काही दिवस आम्हांला द्या, असे त्याला म्हणावे लागते. हे मागणे मागावे काय, आणि मागावयाचे तर कोणत्या शब्दांत, एवढाच ह्या लेखाचा प्रश्न आहे.

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण घरातली थोरली-धाकटी सगळी माणसे एका छपराखाली जमतात असे दिवस वर्षातून थोडेच येतात. काही गोष्टी अशा असतात की त्या घरात, पाटावर बसून, शांतपणे बोललेल्या बऱ्या. नाहीतर त्या पुढे इस्पितळाच्या व्हरांड्यात, उभ्याउभ्या आणि कुजबुजत बोलाव्या लागतात.

ज्या रोगाच्या निमित्ताने हा प्रश्न मनात आला त्याचे नाव ग्लायोब्लास्टोमा. मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी प्रौढांत आढळणारा हा अत्यंत उग्र प्रकार. शेतातली हरळी ज्यांनी उपटली आहे त्यांना ह्या रोगाचा स्वभाव लवकर कळेल. वरचे हिरवे कितीही खणून काढा, मातीत पसरलेल्या काश्यांचा एखादा तुकडा राहतोच, आणि पुढल्या पावसात ती पुन्हा अंग धरते. शल्यविशारद डोळ्यांना दिसणारी गाठ काढतो. परंतु तिचे बारीक तंतू भोवतालच्या निरोगी मेंदूत शिरलेले असतात. आणि मेंदू काही शेत नव्हे, की खात्रीसाठी चार बोटे अधिक खणून घ्यावे. तेथल्या चार बोटांत माणसाची वाचा असते, त्याचा उजवा हात असतो, त्याच्या मुलांची नावे असतात.

२००५ साली ह्या रोगाच्या ५७३ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले होते. किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांत हा आकडा १४.६ महिन्यांवर गेला. म्हणजे लाभ अडीच महिन्यांचा. ह्या अडीच महिन्यांना कुणी हसू नये. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण त्यामुळे शेकडा १० वरून शेकडा २६ वर आले, आणि आजही उपचाराचा पाया तोच आहे. परंतु गाठ बहुधा परत येतेच. आणि ती परत आल्यावर निश्चितपणे हेच करावे, असे सांगण्याजोगे वैद्यांच्या हाती फारसे काही उरत नाही.

नेमक्या ह्या जागी नवा प्रयोग येऊन उभा राहतो. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात शिरलेला परका ओळखावा आणि मारावा हे त्यांचे काम. कर्करोगाची अडचण अशी की तो परका नसतो. तो आपल्याच पेशींतून निपजतो, घरभेद्यासारखा घरातलाच वेष घालून वावरतो, म्हणून पहारेकरी त्याला अडवीत नाही. तेव्हा पहारेकऱ्यालाच नवे डोळे द्यावेत, अशी कल्पना निघाली. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली टी-पेशींवर कृत्रिम ग्राहक बसवून दाखविला. आज रुग्णाचे रक्त घेऊन त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात, गाठीच्या पेशींवरची एखादी खूण ओळखणारा ग्राहक त्यांच्यात उतरवितात, त्यांची कोट्यवधींनी वाढ करतात आणि त्या रुग्णाला परत देतात. ह्यांना कार-टी पेशी म्हणतात.

रक्ताच्या काही कर्करोगांत ह्या पेशींनी खरोखरीच थक्क करणारे काम केले. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या परिश्रमांतून नेक्सकार१९ हा उपचार तयार झाला. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते पवईला त्याचे लोकार्पण झाले. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो उपलब्ध झाला, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु येथेच एक गैरसमज होण्याचा संभव आहे. कुणाच्या घरी मेंदूची गाठ निघाली की शेजारपाजारचा कुणीतरी सांगतो, ‘मुंबईत पेशींचे नवीन औषध निघाले आहे म्हणे.’ ते औषध रक्ताच्या कर्करोगाच्या काही ठराविक प्रकारांचे आहे, मेंदूच्या गाठीचे नव्हे. मेंदूच्या ह्या गाठीवर कार-टी पेशी आजही प्रयोगाच्याच अवस्थेत आहेत.

मेंदूत अडचणी अधिक आहेत. रक्तातून येणाऱ्या पाहुण्याला मेंदू सहसा दार उघडत नाही. म्हणून कवटीच्या कातडीखाली एक छोटी घुमटाकार टाकी बसवून, तिच्या नळीवाटे मेंदूतल्या पोकळ्यांत थेट पेशी सोडण्याचा मार्ग काही ठिकाणी स्वीकारला गेला. ही टाकी आयूब ओमाया ह्या शल्यविशारदाने १९६३ साली योजिली. अखंड हिंदुस्थानातल्या पंजाबात, मियाँ चन्नू येथे जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत नावारूपाला आला. दुसरी अडचण सुजेची. टी-पेशी लढू लागल्या म्हणजे ताप येतो, सूज येते. पायाला सूज आली तर पाय फुगतो. कवटीच्या बंद पेटीत मेंदूला फुगावयास जागा नसते. तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच खूण नसते. ज्यांच्यावर ती आहे त्या मरतात; ज्यांच्यावर नाही त्या उरतात आणि वाढतात.

हे सारे पुस्तकांतून कळले नाही. माणसांकडून कळले. कसे, ते थोडे तपशिलाने पाहू. कारण नीतीचा प्रश्न ह्या तपशिलातच दडलेला आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप ह्या संस्थेच्या वैद्यांनी पन्नाशीतल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची गाठ परत आली होती. मेंदूत अनेक ठिकाणी आणि पाठीच्या कण्यातही ती पसरली होती. २२० दिवसांत १६ वेळा त्याला पेशी दिल्या गेल्या. सगळ्या गाठी विरल्या. तो माणूस आपल्या नेहमीच्या आयुष्यात परतला. उपचार सुरू झाल्यापासून साडेसात महिने हे सुख टिकले. नंतर नव्या जागी नव्या गाठी दिसू लागल्या, आणि त्यांतल्या पेशींवर ती खूण पूर्वीपेक्षा कमी आढळली.

२०१७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना शिरेवाटे एकेकदा पेशी दिल्या होत्या. एकाचा आजार दीर्घकाळ स्थिर राहिला, परंतु गाठ वितळल्याचे दृश्य दिसले नाही. दहांपैकी सात जणांवर पुढे शस्त्रक्रिया झाली आणि काढलेल्या गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासता आले. त्या तुकड्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पेशी खरोखरच मेंदूत पोचल्या होत्या, ही एक. ज्या खुणेचा त्यांनी वेध घेतला ती खूण बऱ्याच रुग्णांत ओसरली होती आणि गाठ मात्र राहिली होती, ही दुसरी.

मार्च २०२४ मध्ये त्याच विद्यापीठाने एका खुणेऐवजी दोन खुणा ओळखणाऱ्या पेशी ६ रुग्णांना दिल्याचे जाहीर केले. सुरुवातीच्या एमआरआय चित्रांत सहाही जणांच्या गाठी आकसलेल्या दिसल्या. पण शास्त्राच्या कडक निकषांवर ज्याला प्रतिसाद म्हणतात तेथवर त्यांतली एकही गेली नाही. त्याच महिन्यात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळाने ३ रुग्णांची हकीकत दिली. एका स्त्रीची गाठ पाच दिवसांत जवळजवळ दिसेनाशी झाली होती. मात्र तिघांपैकी दोघांचा हा लाभ अल्पजीवी ठरला. २०२५ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या वैद्यांनी १८ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्या १३ जणांची गाठ मोजता येण्याजोगी होती त्यांतल्या ८ जणांत ती लहान झाली, आणि बहुतेकांत काही महिन्यांत पुन्हा वाढू लागली.

ह्या साखळीकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. २०१७ च्या त्या दहा जणांना फारसे काही मिळाले नाही. परंतु एका खुणेवर विसंबून भागत नाही हा धडा वैद्यांना ज्यांच्याकडून मिळाला, त्यांत ते होते. त्यांनी दिले ते २०२४ मध्ये दुसऱ्या कुणाला मिळाले. त्या दुसऱ्यांनी दिले ते आणखी पुढच्या कुणाला मिळेल. देणारा आणि घेणारा ह्यांची येथे कधी गाठच पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा चाचणीच्या पहिल्या टप्प्यात दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात आणि दोघे दोन निरनिराळे प्रश्न मनात घेऊन बसलेले असतात. रुग्णाचा प्रश्न असतो, ‘मी बरा होईन काय?’ चाचणीचा प्रश्न असतो, ‘ही मात्रा माणसाला सोसते काय?’ पहिला टप्पा हा मुख्यतः सोसण्याच्या तपासणीसाठीच आखलेला असतो. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच कागदावर सही होते. पण सही करणाऱ्याने जे वाचलेले असते आणि कागदात जे लिहिलेले असते ते बहुधा एक नसते. पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ह्या गोष्टीकडे लक्ष वेधले. संशोधनासाठी जे केले जात आहे ते खास आपल्याच हितासाठी बेतलेले आहे असे रुग्णाला वाटत राहते, समजावून सांगितले तरी वाटत राहते. डॉक्टरचा पांढरा अंगरखा पाहिला की मन आपोआप म्हणते, हा माणूस माझ्यासाठी आहे. आणि एरवी तो त्याच्यासाठी असतोच. म्हणून तर ही गफलत इतकी सहज होते.

ह्यावर एक उत्तर मोठ्या सहजपणे दिले जाते: ‘त्याच्याजवळ आता गमावण्यासारखे राहिले आहे काय? मग प्रयोग झाला तर बिघडले कुठे?’ अमेरिकेत मे २०१८ मध्ये एक कायदा झाला. ज्यांचे दुखणे जीवघेणे आहे आणि मान्य उपचार संपले आहेत त्यांना, पहिला टप्पा ओलांडलेले औषध सरकारी औषध-खात्याच्या परवानगीची वाट न पाहता मागण्याची मुभा त्याने दिली. त्यामागची कळकळ मला समजते. बुडणाऱ्याने काडीला हात घातला तर काठावरच्याने त्याला नियम सांगू नयेत. परंतु ‘गमावण्यासारखे काही नाही’ हे वाक्य मला क्रूर वाटते, आणि ते असत्यही आहे. ज्याच्याजवळ सहा महिने आहेत त्याच्याजवळ गमावण्यासारखे सहा महिने आहेत. आपल्या हातांनी जेवण्याचे दिवस आहेत, अंगणात बसण्याचे आहेत, भावाशी जुना तंटा मिटविण्याचे आहेत. श्रीमंताच्या तिजोरीतून शंभर रुपये गेले तर त्याला कळतही नाही. गरिबाच्या कनवटीला असलेला एकच रुपया गेला तर त्याचे सर्वस्व जाते. वेळेचेही तसेच आहे. ज्याच्याकडे तो थोडा आहे त्याच्याकडूनच तो मागताना अधिक संकोच वाटला पाहिजे.

मग मागूच नये काय? जर्मनीतून नाझींच्या छळामुळे बाहेर पडलेला तत्त्वचिंतक हान्स योनास ह्याने १९६९ साली ह्या प्रश्नाचा मोठ्या गांभीर्याने विचार केला. त्याच्या आईला आउशविट्सच्या छावणीत मारले गेले होते. माणसाला साधन म्हणून वापरणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वैद्यकाची प्रगती ही चांगली गोष्ट असली तरी ती थोडी सावकाश झाल्याने समाज बुडत नाही. परंतु दुर्बळ माणसाला तो दुर्बळ आहे म्हणून वापरून घेण्याची सवय लागली तर मात्र समाजाचे काहीतरी मोलाचे नष्ट होते. प्रयोगाची हाक आधी त्यांना जावी ज्यांना त्याचे मर्म कळते. आणि रोग्यावर प्रयोग करावयाचाच तर तो त्याच्याच रोगासंबंधी असावा.

योनासचा धाक मला मान्य आहे. त्याचा सावकाशपणा तितकासा मान्य होत नाही. समाज बुडत नाही हे खरे, पण दर वर्षी ज्या घरांत ही गाठ शिरते ती घरे बुडतातच. पुढच्या वर्षीच्या रुग्णाला आज चेहरा नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे कसे म्हणावे? शिवाय, मरू घातलेल्या माणसाकडे काहीच मागावयाचे नाही असे आपण ठरविले, तर त्याच्यावर दया करताना आपण त्याचा एक मोठा अधिकार काढून घेतो. तो अधिकार म्हणजे देण्याचा अधिकार. अंथरुणाला खिळलेला माणूस दिवसभर घेतच असतो. पाणी घेतो, औषध घेतो, सेवा घेतो, कीव घेतो. अजून आपल्याकडेही कुणाला देण्याजोगे काही आहे, ही जाणीव त्याला माणसांत ठेवते.

येथे मला दधीचीची कथा आठवते. वृत्रासुरापुढे देव हतबल झाले. त्याला मारील असे शस्त्र दधीची ऋषीच्या हाडांचेच होऊ शकत होते. तेव्हा देव त्याच्याकडे गेले. कीर्तनात ही कथा रंगते ती त्यागासाठी, आणि ते योग्यच आहे. पण माझे लक्ष अलीकडे दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. देवांनी त्याला विचारले होते. ‘ऋषिवर्य, आपली प्रकृती बरी दिसत नाही, आम्ही आपल्यावर उपचार करतो,’ असे म्हणून त्यांनी त्याची हाडे काढून नेली नाहीत. हाडे हवीत, शस्त्र करावयाचे आहे, आणि ह्यात आपला प्राण जाणार आहे, हे सगळे उघड होते. आणि भागवताच्या सहाव्या स्कंधातला दधीची तर लगेच होकारही देत नाही. तो आधी देवांना, मरणाच्या वेदना तुम्हांला ठाऊक तरी आहेत काय, अशा अर्थाचे टोचून बोलतो. देह कुणाला प्रिय नसतो, असे सुनावतो. देव ते ऐकून घेतात. नकार देण्याची जागा त्या संभाषणात होती, म्हणूनच होकाराला दानाचे मोल आले. विचारल्यावाचून नेलेली हाडे ही हाडेच राहिली असती. फार तर ती चोरी झाली असती.

विसाव्या शतकाने ही चोरी पाहिली आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंशाचे नुसते निरीक्षण चालले होते. त्यांना रोगाची खरी माहिती दिली नाही आणि पेनिसिलिन हाती आल्यावरही ते दिले नाही. १९४७ सालच्या न्यूरेम्बर्ग संहितेने संमतीला पहिले स्थान दिले, १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने जागतिक वैद्यकीय संघाला त्याच मार्गाने नेले, आणि २०२४ मध्ये त्या जाहीरनाम्याची नव्याने मांडणी झाली. आज न विचारता प्रयोग करण्याला कोणीही उघड समर्थन देणार नाही. आजचा धोका निराळा आहे. आज विचारले जाते, पण अर्धे. कागद पुढे येतो, सही होते. मात्र दधीचीला जे सांगितले होते ते सांगावयाचे राहून जाते.

ह्या रोगात तर आणखी एक गाठ आहे. संमती द्यावयाची ती मेंदूने, आणि आजारी आहे तो मेंदूच. हात मोडलेला माणूस आपल्या हाताविषयी शांतपणे विचार करू शकतो. येथे मात्र ज्या दिव्याच्या उजेडात कागद वाचावयाचा तोच दिवा विझत चाललेला असतो. त्यावर एकच उपाय दिसतो. तेल आहे तोवर वाचावे. गाठ परत येण्याची वाट न पाहता, माणूस स्पष्ट बोलतो-ऐकतो आहे त्या दिवसांत त्याला विचारून ठेवावे, की पुढे अमुक प्रसंग आला तर तुला काय हवे? कोणत्या किमतीपर्यंत हवे? आणि तुझे शब्द हरवले तर तुझ्या वतीने कुणी बोलावे?

पण आपल्या घरांत नेमके हेच घडत नाही. थोरला मुलगा डॉक्टरांना व्हरांड्यात गाठतो आणि म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, आबांना काही सांगू नका. त्यांना सहन होणार नाही.’ आबा आत पलंगावर पडलेले असतात. त्यांनी दुष्काळ पाहिलेला असतो, धाकट्या भावाला खांदा दिलेला असतो, दोन मुलींची लग्ने कर्ज काढून केलेली असतात. पण आपल्याच मरणाची बातमी त्यांना सहन होणार नाही असे आपण ठरवितो. बहुतेक वेळा आबांना सारे उमगलेले असते, आणि मुलाला सहन होणार नाही म्हणून तेही गप्प असतात. हे मौन मायेपोटीच येते, ह्यात शंका नाही. परंतु ज्याला रोगच सांगितलेला नाही त्याच्याकडून प्रयोगाची संमती कोणत्या तोंडाने घ्यावयाची? मग मुलगा सही करतो, आणि दान देतो ते बापाच्या देहाचे. दधीचीची हाडे दधीचीच्या मुलाकडे मागितली असती तर ती कथा आपण आजवर सांगितली असती काय?

आता शेवटची शंका. माणूस आशेने येतो, मग त्याचे ते दान कसले, असे कोणी म्हणेल. जगण्याच्या लोभाने केलेली सही शुद्ध नव्हे, असा त्यातला भाव. मला हे पटत नाही. आपल्याकडे म्हातारी माणसे आंब्याची कोय लावतात. कोयीला फळ धरायला वर्षेच्या वर्षे लागतात. ‘नातू खाईल’ असे म्हणूनच ती लावली जाते. पण कोय लावणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनात, एखादा आंबा आपल्यालाही मिळाला तर, असे येतच नसेल काय? येत असेल, आणि त्याने त्याचे पुण्य कमी होत नाही. आशा आणि दान एका ओंजळीत सुखाने राहू शकतात. दोष म्हाताऱ्याचा नाही. दोष होतो तो रोपे विकणाऱ्याने कोयीचे रोप कलम म्हणून त्याच्या हाती ठेवले तर. कलम थोड्याच वर्षांत धरते, म्हणून तो ते हौसेने लावतो, घागरी वाहतो, आणि वाट पाहत राहतो. आज ज्या प्रयोगांविषयी आपण बोलत आहो ती कोय आहे. कधीकाळी तिचे मोठे झाड होईल असे मानण्यास आता काही आधार दिसू लागला आहे. पण कोय ही कोय म्हणूनच हातात द्यावी. आणि जो कोणी तिचे कलमाच्या भावाने पैसे मागू लागेल, त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

म्हणून विचारणाऱ्याने काय बोलावे हे मला आता बरेच स्पष्ट दिसते. त्याने म्हणावे: हा उपचार नव्हे, ही चाचणी आहे. तुमच्यापासून आम्हांला शिकावयाचे आहे. तुम्हांला लाभ झाला तर आम्हांला आनंदच होईल, पण त्या भरवशावर तुम्ही येऊ नये. ह्यात तुमचे इतके दिवस इस्पितळात जातील, अमुक त्रास होण्याचा संभव आहे, आणि त्यातला काही कदाचित भरून न येणारा असेल. मधेच थांबावेसे वाटले तर थांबता येईल. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर आमच्या शुश्रूषेत तिळभर उणे पडणार नाही. ह्यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण आजाऱ्याला नकाराची भीती औषधापेक्षा अधिक असते. डॉक्टर रागावतील, आपल्याला टाकून देतील, असे त्याला वाटत असते.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, ‘नको. मला घरी जायचे आहे, तुळशीपाशी बसायचे आहे.’ त्याचे म्हणणे आदराने ऐकावे. तो भित्रा नव्हे, आणि विज्ञानाचा शत्रू तर नव्हेच. कुणी म्हणेल, ‘करा. माझे झाले तर झाले, नाहीतर मागून येणाऱ्याचे होईल.’ त्याच्यापुढे मात्र मान लवविण्यावाचून आपल्याला दुसरे काही करता येत नाही.

वज्राला दधीचीचे नाव कायमचे चिकटले. मेंदूच्या ह्या रोगावर एखाद्या दिवशी खरे औषध निघाले, तर त्याच्या कुपीवर त्या दहा जणांची नावे असणार नाहीत. शास्त्रीय नियतकालिकांत ती रुग्ण क्रमांक एक, रुग्ण क्रमांक दोन अशीच राहतील. ते योग्यही आहे, कारण आजाऱ्याचे नाव झाकावे हा वैद्याचा धर्मच आहे. त्यांना आपण नाव देऊ शकत नाही, आयुष्यही परत देऊ शकत नाही. त्यांच्यानंतर ज्याच्याकडे जाऊ त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसणे, आणि काही न लपविता त्याला विचारणे, एवढेच आपल्या हाती आहे.